हितबोदेदुत म्हणजे गप्प बसणं नाही

एक फॉरवर्ड फिरतोय की ज्यू गूढ परंपरेत मनःशांतीसाठी हितबोदेदुत नावाचं ध्यान आहे, त्यात जगाशी संबंध तोडून गप्प बसायचं आणि डोकं रिकामं करायचं. असं नाहीये. युक्रेनमधल्या ब्रेस्लोवच्या रब्बी नाखमन या ज्यू धर्मगुरूंनी (१७७२-१८१०) उलट सांगितलं की रोज तासभर एकट्याने, खोलीत नाहीतर रानात जाऊन, देवाशी आपल्या रोजच्या भाषेत बोला, त्यांच्या लोकांची ती यिद्दिश, मनात साचलेलं सगळं काढा आणि शब्दच फुटत नसतील तर तेही त्यालाच सांगा, किती मोकळं केलंय बघा माणसाला! आणि जग तोडायचं तर मुळीच नाही, जो माणूस वाईट आहे असं वाटतं त्याच्यातही काहीतरी चांगलं शोधा, मग स्वतःतही शोधा, हीसुद्धा त्यांचीच शिकवण.