दोन रुपयांचं लाउंज आणि मावशीचा फोन

पुणे विमानतळावरून मावशीचा फोन. लेकीकडे बंगळूरला निघाली होती. "अरे, ही लाउंजच्या काउंटरवरची मुलगी म्हणते तुमचं कार्ड चालत नाही. मेसेजमध्ये तर लिहिलंय कुठलंही चालतं. आता त्यातल्या लिंकवरून अ‍ॅप घेतलंय, ते विचारतंय एसएमएस वाचायची परवानगी देऊ का. देऊ?"

मी चालत्या रिक्षात ओरडलो. रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

लाउंज, म्हणजे विमानतळावरची आरामात बसायची-खायची जागा, फुकटात मिळवून देणारा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. चार दावे आहेत त्यात: एक, लाउंजचे पैसे तिकिटातच घेतलेले असतात, ते एअरलाइन लपवते; दोन, कुठलंही एटीएम कार्ड दाखवा, फक्त २ रुपये कटतात; तीन, विमान दोन तास लेट झालं तर लाउंज देणं एअरलाइनला बंधनकारक आहे; आणि चार, कार्ड जवळ नसेल तर खालच्या लिंकवरून अ‍ॅप घ्या, पास लगेच मिळतो. शेवटी अर्थातच 'जनहितार्थ पुढे पाठवा'.

चौथ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिघांत फार तर माणसाची फजिती होते. या चौथ्यात खातं रिकामं होतं. २०२४ मध्ये बंगळूर विमानतळावर एका बाईंचं नेमकं हेच झालं. कार्ड घरी राहिलं होतं, फोनमधला फोटो दाखवला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून 'लाउंज पास' नावाचं अ‍ॅप घ्यायला लावलं, चेहरा स्कॅन करून घेतला. पुढे क्रेडिट कार्डावरून ८७ हजारांवर रुपये गेले. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने ते अ‍ॅप उघडून बघितलं, तेव्हा त्याची करामत कळली: फोनवर येणारे एसएमएस ते गुपचूप चोरांकडे पाठवत होतं. म्हणजे ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि वाचतो दुसराच. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ४५० प्रवाशांनी ते अ‍ॅप घेतलं आणि ९ लाखांहून जास्त रक्कम गेली, असं त्यांच्या अहवालात आहे. मावशीच्या फोनवर आलेलं अ‍ॅप तेच होतं की त्याचं भावंड, हे बघत बसलो नाही; आधी काढून टाकायला लावलं, मग बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. लाउंजवाल्याला तुमचे एसएमएस कशाला हवेत, एवढा एक प्रश्न 'जनहितार्थ' पाठवणाऱ्यांपैकी एकालाही पडू नये?

आता दोन रुपये. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. रुपे प्लॅटिनमसारख्या काही डेबिट कार्डांवर आणि बऱ्याच क्रेडिट कार्डांवर देशांतर्गत लाउंज मिळतं, आणि मशीनवर बहुतेक वेळा २ रुपयेच कटतात. पण ते कार्ड जिवंत आहे का, हे तपासायचे दोन रुपये आहेत. तुमच्या पोहे-इडलीचे पैसे दर खेपेला बँक किंवा कार्ड कंपनी लाउंजवाल्याला मोजते. मधल्या मध्ये हे व्यवहार जुळवणारी ड्रीमफोक्स ही कंपनी २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. फुकटाच्या धंद्यावर कुणी शेअर विकत नाही. बिल वाढलं तसे बँकांनी हात आखडते घेतले. एचडीएफसीने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डाला तिमाहीत १ लाख खर्चाची अट घातली. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांना आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची घातली, नंतर ती आणखी वाढवली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ड्रीमफोक्सने देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केली. म्हणजे गेल्या वर्षी चाललेलं कार्ड आज चालेलच असं नाही. आणि मावशीचं कार्ड? पेन्शनच्या खात्याचं साधं एटीएम कार्ड. त्यावर लाउंज कधीच नव्हतं. कार्ड नसताना रोख भरून जायचं, तर साधारण हजार-दीड हजारांपासून पुढे.

तिकिटात पैसे घेतलेले असतात? तिकीट उघडा आणि वाचा. मूळ भाडं, विमानतळाचं विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी. लाउंजची ओळ असली तर मला दाखवा. शिवाय आपल्याकडची बहुतेक देशांतर्गत लाउंज एअरलाइनची नसतातच, विमानतळवाल्यांची किंवा त्यांच्या ठेकेदारांची असतात. एअरलाइन आपल्या खर्चाने आत सोडते ते बिझनेस क्लासवाल्यांना, नाहीतर एअर इंडियाने जाणाऱ्या स्टार अलायन्स गोल्डवाल्यांना, म्हणजे एअरलाइनांच्या त्या जागतिक गटाच्या नेहमी उडणाऱ्या वरच्या सभासदांना. ते लोक असले फॉरवर्ड वाचत नाहीत.

उशिराचा मुद्दा थोडक्यात, कारण इथे खरा हक्क आहे आणि या मेसेजमुळे लोक तोच विसरतात. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमात विमान लेट झालं तर खाणं-पिणं द्यायचं आहे: अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल तर दोन तासांच्या उशिरापासून, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांपासून. काही परिस्थितीत हॉटेलही. लाउंजचा हक्क त्यात कुठेही नाही. काउंटरवर जाऊन 'लाउंज द्या' म्हणून भांडलात तर हात हलवत परत याल. 'नियमाप्रमाणे नाश्ता द्या' म्हणालात तर तो मिळायलाच हवा.

मावशीने शेवटी गेटसमोरच्या खुर्चीवर बसून पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चहा मात्र विमानतळाच्या भावाने घेतला आणि त्याचं दुःख तिने मला दोनदा ऐकवलं.

मेसेज तिला पाठवला होता तिच्या सोसायटीतल्या एका काकांनी. त्यांना फोन करून विचारलं, तुम्ही कधी गेलायत का हो लाउंजमध्ये? म्हणाले, "मी कशाला जातोय? मी शिवनेरीने जातो."