अनोळखी माणसाला अडवा ना, मला का अडवताय?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, टाकी साफ करण्याच्या नोटिशीखाली, एका सद्गृहस्थांनी फॉरवर्ड टाकला. व्हॉट्सॲप फोनमधल्या सिमला बांधायचं, म्हणजे ज्या नंबरचं खातं त्याचं सिम फोनमध्ये असेल तरच ते चालेल, आणि कॉम्प्युटरवरचं दर सहा तासांनी लॉगआउट करायचं, त्या सरकारी आदेशाचं कौतुक. इथवर ठीक. पण खाली स्वतःची भर घातली होती : ‘ज्याला लपवायचंय त्यालाच त्रास होईल. आणि ज्या काकू-आज्यांना कळत नाही त्यांनी साधा फोन वापरावा.’ त्याला पटापट अंगठे पडले.

तिथे काही लिहिलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर भांडलं की महिनाभर लिफ्टमध्ये छताकडे बघत उभं राहावं लागतं. इथे लिहिते.

माझी आत्या मुलुंडला एकटी राहते. निवृत्त शिक्षिका. जन्मभर पोरांचे गणिताचे पेपर तपासलेली बाई, ‘कळत नाही’ या गटातली अजिबात नाही. तिला एक दिवस फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, शिक्का मारलेलं वॉरंट पीडीएफमध्ये. कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, दाराला कडी लावा. दुपारी तिने त्या माणसाला विचारलं, ‘साहेब, कुकर लावू का?’

हे वाक्य तिने आम्हाला नंतर हसत हसत सांगितलं. मला अजून हसता आलेलं नाही.

पन्नास हजार यूपीआयवरून ‘पडताळणीसाठी’ गेले. दुसऱ्या दिवशी ती एफडी मोडायला बँकेत गेली, पर्समध्ये कॉल चालूच. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म घेतला, बघितला आणि विचारलं, ‘आजी, हे कोण आहेत? ओळखीचे आहेत का?’ आत्या म्हणाली, हो. मुलगी म्हणाली, बसा जरा, पाणी घ्या, मॅडमची सही लागेल. त्या सहीच्या वेळात सगळं फुटलं आणि मोठी रक्कम वाचली. १९३०ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार झाली. पन्नास हजार गेले ते गेलेच.

आता सोसायटीतल्या सद्गृहस्थांनी सांगावं, यात सहा तासांचं लॉगआउट कुठे कामी आलं असतं? नंबर भारतातलाच होता. सिमही खरं निघालं, कुणा गरिबाच्या नावावर काढलेलं. अशा कुणाला हजार-दोन हजार देऊन सिम घेतात आणि फोनमध्ये घालतात. सिम फोनमध्येच आहे, बांधलेलंच आहे. झाला की आदेश पाळून!

मान्य, परदेशात अड्डे टाकून, सिम जवळ नसताना इथले नंबर वापरणाऱ्यांची यामुळे अडचण होईल. कंबोडिया-म्यानमारमधून हा धंदा चालतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. तेवढं श्रेय देते.

पण किंमत कोण देणार? आमचं दादरला छोटं अकाउंट्सचं ऑफिस. क्लायंट बिलं व्हॉट्सॲपवर टाकतात, ती कॉम्प्युटरवर उघडून रिटर्न भरायचं. ऑफिसचा नंबर एकच, तो सरांच्या फोनमध्ये, आणि सर माझगावच्या जीएसटी भवनात. दुपारी लॉगआउट झालं की परत जोडायला सरांचाच फोन हवा. म्हणजे शेवटच्या तारखेला आम्ही सगळे सरांची लोकल कुठे पोचली ते विचारत बसणार. अशी ऑफिसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. आणि वायफायवर टॅब्लेट वापरणारे म्हातारे लोक? बोटीवर असणाऱ्यांचे इथले नंबर? चोर गच्चीवरून उतरतोय आणि वॉचमन रोज मलाच विचारतोय, मॅडम, कुठल्या फ्लॅटला?

बरं, मला अडथळ्यांचं वावडं नाही. आत्याला वाचवलं ते एका अडथळ्यानेच. त्या मुलीने तिला थांबवलं. पण कुठे थांबवलं ते बघा. रोज भाजीवाल्याला वीस रुपये देताना नाही. अनोळखी माणसाला पहिल्यांदाच मोठी रक्कम जाताना. मला नेमकं तेवढंच हवंय. अनोळखी नंबरवरून पहिला व्हिडिओ कॉल आला तर चेहरा दिसायच्या आधी अख्ख्या स्क्रीनवर मराठीत येऊ दे : हा माणूस तुमच्या ओळखीचा नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. नव्या खात्यात पहिल्यांदा मोठे पैसे जाताना दोन तास रोखून धरा. हो, हॉस्पिटलात डिपॉझिट भरताना दोन तास जीवघेणे होतील, मग हॉस्पिटलं वगळा, त्यात काय एवढं.

आणि यासाठी कुणाचे मेसेज वाचायची गरज नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद आहेत, ते तसेच राहू देत. कुलूप चोरालाही मिळतं, बरोबर आहे. पण काल सुरू झालेला नंबर आज शेकडो अनोळखी लोकांना फोन करतोय, हे कंपनीला एकही अक्षर न वाचता दिसतं. २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी जोडलेली ६८ लाखांवर व्हॉट्सॲप खाती बंद केली, असं मेटानेच, व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीने, सांगितलंय. म्हणजे जमतं की! मग आत्याच्या वेळी कुठे होतात? स्टेटसमध्ये जाहिराती घुसवायला मात्र वेळ मिळाला.

‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांचा मला खरा राग येतो. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तो काय फक्त चोरांसाठी? हा सिमचा आदेश निघाला त्या नोव्हेंबर २०२५ मध्येच प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून घालायचा हुकूमही निघाला होता. लोक ओरडले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप वाईट नाही, मी स्वतः त्यावर फसवे नंबर कळवते. पण माझ्या मर्जीने.

परत आत्याकडे येते, कारण खरं दुखणं इथे आहे. त्या प्रकारानंतर माझ्या आतेभावाने काळजीपोटी तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. कुणाचे फोन येतात, काय उघडते, सगळं त्याला पुण्यात बसून दिसतं. आत्याला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, ‘म्हणजे आधी तो बघत होता, आता तू बघणार.’

दादा वाईट नाही हो. घाबरलाय. आम्ही सगळेच घाबरलोय. आईबाप दूर, एकटे, पेन्शन खात्यात, आणि आपण ऑफिसात. मला त्याचं कळतं. पण आत्या शाळेतल्या मैत्रिणींशी काय बोलते, सुनेबद्दल काय कुरकुर करते, गुडघ्याचं औषध कुठे शोधते, हे तिचं आहे. सत्तरीत बाईला एवढंही नको? दादाने ते ॲप काढलं, कुरकुरत का होईना.

त्याऐवजी आम्ही एक रविवार तिच्याशेजारी बसलो. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, तिथे अनोळखी कॉल सायलेंट केले. टू-स्टेप पिन, म्हणजे व्हॉट्सॲप खात्याचं दुसरं कुलूप, तिने स्वतः ठरवला, आम्हाला सांगितला नाही. कुणाच्याही ग्रुपात आपोआप ओढली जाणार नाही अशी सोय केली. फोनवर आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी, मग ती वाहतूक चलानाची असो वा लग्नपत्रिकेची, उघडायची नाही, हे तिने वहीत लिहून घेतलं.

तुम्हीही बसा आईशेजारी. तिचा फोन हातातून ओढून घेऊ नका, तिलाच करू द्या. आणि १९३० हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही, तो पाठ करायला लावा. त्या वेळी आपला फोन भामट्यांच्या ताब्यात असतो, शेजारणीच्या फोनवरून लावायची वेळ येते.