सोळा मुलांची शाळा

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आला आणि तेव्हापासून हा वाद अधूनमधून पेटतोच आहे. दुसरीकडे कृतीयुक्त शिक्षण हवं, घोकंपट्टी थांबवा, हेही सगळेच म्हणतात. शिकागोत बसून हे वाचताना राहवत नाही, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या आहेत.

माझी मुलगी इथल्या एका प्रयोगशील खाजगी शाळेत होती. पहिलीत असताना तिच्या वर्गात मला बसू दिलं होतं. मुलं पाणी मोजत होती. एकानं उंच बाटलीतलं पाणी पसरट भांड्यात ओतलं आणि जाहीर केलं, "कमी झालं!" बाईंनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. "मग उरलेलं गेलं कुठे?" एवढंच विचारलं. तो टेबलाखाली सांडलंय का बघून आला. पाणी परत बाटलीत ओतलं तर खुणेपर्यंत आलं. तरी त्याला पटेना, पुन्हा ओतलं. बाई तेवढा वेळ त्याच्याजवळ बसून होत्या. त्यांना हे जमलं, कारण वर्गात मुलं मोजकी आणि जोडीला एक मदतनीस होती. बाटली आणि भांडं कुठेही मिळतं, बाईंचा तो वेळ मिळत नाही.

इथे त्या वेळाची भक्कम फी मोजावी लागते. "तुमच्याकडे काय, सगळं हसतखेळत!" असं फोनवर म्हणणाऱ्यांना सरकारी शाळा माहीत नसतात. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं तिथे तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या आणल्या. २०१५ मध्ये तो कायदा गेला, चाचण्या राहिल्या.

याच शहरात, करून शिकण्यावर भर देणारे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी जानेवारी १८९६ मध्ये आपली शाळा सुरू केली. स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम यांतून मुलं गणित आणि विज्ञानापर्यंत पोचत. सुरुवातीला मुलं सोळा आणि शिक्षक दोन. आपला निकष लावला तर ती कमी पटाची शाळा.

हे शिकायला अर्थात अमेरिकेपर्यंत यायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, खडे, पानं हाताशी घेतली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे शाळेनं जायचं, ही आपली परंपरा आहे, आणि आज आपण सहा वर्षांच्या मुलाला बसनं लांबच्या समूह शाळेपर्यंत न्यायचं म्हणतोय.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पाण्याचा प्रसंग तिला सांगितला तर म्हणाली, "मलाही आवडतं गं असं शिकवायला. पण समोर दोन-तीन इयत्ता, मध्येच पोषण आहाराची नोंद, वरून मागवलेली ऑनलाइन माहिती आजच्या आज. पोरगं 'कमी झालं' म्हणालं तर मी 'नाही रे, तेवढंच आहे' सांगते आणि पुढे जाते." मुलं कमी असूनही ताईकडे वेळ नाही, कारण तो वेळ अशैक्षणिक कामं खातात.

चार-पाच मुलांच्या शाळेत सवंगडी नसतात, गटकार्य जमत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण वेगवेगळ्या इयत्ता एकत्र बसणं ही मुळात अडचण नाही. माँटेसरी वर्गात तीन वर्षांच्या फरकाची मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात, मोठी लहानांना दाखवतात. तसं शिकवायचं प्रशिक्षण मात्र शिक्षकाला मिळायला हवं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ कृतीतून, शोधातून शिकवा असं सांगतं. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. ते दोघे पूर्णवेळ वर्गात असावेत, माहिती भरायला केंद्रावर एक लिपिक असावा, आणि अगदी लहान शाळांनी आठवड्यातला एक दिवस शेजारच्या शाळेबरोबर घालवावा. बसगाड्यांचा हिशेब मांडण्याआधी एवढं एका तालुक्यात तरी दोन-तीन वर्षं करून बघा.