लॉगबुक भरण्याचा शेवटचा आठवडा

निवासी डॉक्टरांनी तीन वर्षांचं लॉगबुक, म्हणजे शिकताना केलेल्या कामांची नोंदवही, शेवटच्या आठवड्यात भरायचं, हे कुणी ठरवलंय? एकच पेन, एकच अक्षर, ओळीने दोनशे नोंदी! सेंट्रल लाइन, म्हणजे शिरेतून हृदयाजवळ पोचणारी नळी, टाकली म्हणे. कोणत्या शिरेत? अल्ट्रासाउंड लावून? सुई कितव्यांदा लागली, नळीला वाट दाखवणारी तार, गाइडवायर, पूर्ण बाहेर आली का, एक्स-रेत नळीचं टोक कुठे दिसलं? सगळीकडे नुसतं ‘केले’. अहो, ‘पाहिलं’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली केलं’, ‘एकट्याने केलं’ असे चार रकाने काय शोभेला छापलेत? त्यात सर पान न वाचताच सह्या ठोकणार. चूक त्याच दिवशी दाखवली तर पुढच्या वेळी हात सुधारतो. अडीच वर्षांनी कुणाला आठवतंय सुई शिरेऐवजी धमनीत का गेली ते! ड्युटी संपायच्या आत चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात हो.