त्या सैनिकांचं नाव का नाही?

जर्मनीतल्या कासेल शहरातल्या संग्रहालयाचं कौतुक करणारा लेख वाचला. तिथलं फ्रिडेरिसियानुम, म्हणजे १७७९ साली सर्वांसाठी खुलं झालेलं संग्रहालय, हाच लँडग्राफ (तिथला राजा) दुसऱ्या फ्रेडरिकचा खरा वारसा, असं त्यात म्हटलंय. मग त्यामागच्या पैशाचं काय? १७७६च्या करारानुसार त्याने आपल्या हेसे-कासेल राज्याचे सुमारे १२ हजार सैनिक अमेरिकेतल्या युद्धासाठी ब्रिटिशांना भाड्याने दिले, पुढे आणखी पाठवले. हजारो जण परतलेच नाहीत. संग्रहालयाचं कौतुक करताना खेड्यापाड्यांतल्या या पोरांबद्दल एक ओळही नसावी, हे मला अजिबात पटलं नाही.

वारसाच सांगायचा तर फ्रेडरिकचा आजोबा कार्ल आधी यायला हवा होता. फ्रान्समधल्या छळातून निसटलेल्या ह्युगेनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) लोकांना त्याने आसरा दिला आणि १६९९मध्ये त्यांच्यासाठी वेझर नदीकाठी आजचं बाड कार्ल्सहाफेन हे गाव वसवलं.