शहरावरून आधी कागदावर भांडण व्हायला हवं

नवी मुंबईची कल्पना एका नियतकालिकातून पुढे आली, हे तिथेच लहानाचे मोठे झालेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. १९६५ साली लेखक मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या कलाविषयक इंग्रजी नियतकालिकाचा एक अंक मुंबईच्या भवितव्यावर निघाला. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल (पहिले दोघे आर्किटेक्ट, तिसरे सिव्हिल इंजिनिअर) यांनी एक मांडणी केली. मुंबई दक्षिणोत्तर अशा चिंचोळ्या पट्टीवर वाढतेय. कचेऱ्या दक्षिण टोकाला, राहणारी माणसं उत्तरेला. सकाळी सगळा लोंढा एका दिशेने, संध्याकाळी उलट. ही पट्टी आणखी ताणण्यापेक्षा शहर खाडीपलीकडे, पूर्वेला न्या; सरकारी कचेऱ्याच आधी हलवा, म्हणजे बाकीचं मागोमाग येईल. कोरिया तेव्हा पस्तिशीच्याही आतले होते. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया या नव्या शहराचे मुख्य आर्किटेक्ट झाले.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, शहराचा विचार आधी कारणांसकट छापून आला. वाचून कुणालाही म्हणता आलं असतं, हे पटतं, हे पटत नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवर उभे राहिले, म्हणजे कचेऱ्या पुन्हा दक्षिणेलाच. वाशीला लोकल पोचायला १९९२ उजाडलं. आणि ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर बसलं, त्या आगरी-कोळी माणसांचा आवाज या चर्चेत नव्हता. चर्चा इंग्रजीत, कलेच्या नियतकालिकात; भातशेती आणि मिठागरं त्यांची. मग ते भांडण रस्त्यावर आलं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कागदावर जागा न मिळालेल्या लोकांना ती अशी मिळवावी लागली. म्हणून माझा आग्रह नुसत्या चर्चेचा नाही, मराठीतल्या चर्चेचा आहे.

आज आपल्यासमोर शहर येतं ते रेंडरमधून, म्हणजे बांधण्याआधीच संगणकावर केलेल्या चकचकीत चित्रातून, आणि ड्रोन शॉटमधून. रेंडरमध्ये पाऊस नसतो. कपडे वाळत नसतात, एसीची बाहेरची युनिट्स नसतात, भिंतीवर ओल नसते. शेजारची इमारत तर नसतेच, तिथे झाडी असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा कमळाच्या आकाराचं टर्मिनल आपण सगळ्यांनी शंभर कोनांतून पाहिलं. झाहा हदीद यांच्या फर्मचं ते काम देखणं आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. आजूबाजूच्या गावांतून पावसाचं पाणी आता कुठून कसं जाणार, याचा साधा नकाशा किती जणांच्या मोबाइलवर आला?

चित्र खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते अपुरं असतं. कोरियांची पेडर रोडजवळची कांचनजंगा ही इमारत घ्या. १९८३ची. फोटोत दिसतात ते इमारतीचे कापून काढल्यासारखे रंगीत कोपरे. ते तसे का आहेत हे कळतं सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचा नकाशा, पाहिल्यावर. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच उपाय दुमजली उंचीच्या गच्च्या करून आकाशात नेला. श्रीमंतांची इमारत आहे, पण हवामानाचा केलेला विचार कुणालाही शिकण्यासारखा आहे. आता पश्चिमेकडे आरपार काच लावतात आणि आतून पडदे ओढून घेतात.

याच्या अगदी उलट टोकाला, बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. तेही कोरियांचंच, ऐंशीच्या दशकातलं. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, आणि तसंच पुढे. राहणाऱ्यांच्या उत्पन्नात भरपूर तफावत, पण भूखंड मात्र ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, कारण प्रत्येकाला आपापलं घर वाढवता यावं. लोकांनी ते वाढवलं. कित्येकांनी मूळ घर पाडून नवं बांधलं. वास्तुकलेचे अभ्यासक तिथे जाऊन हळहळतात, की उतरत्या कौलांची मूळ घरं आता शोधावी लागतात. मला ही हळहळ पटत नाही. मूळ योजनाच वाढू देण्याची होती, आणि घरं बदलली तरी अंगणं टिकली. त्या घरांच्या फोटोपेक्षा अंगणांचा नकाशा जास्त काळ जगला.

मराठी वृत्तपत्रांनी नाटकाची समीक्षा कितीतरी दशकं जपली. नाटक आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी विसरता येतं. इमारत पुढची साठ-सत्तर वर्षं समोर उभी असते, आणि तिच्याबद्दल छापून येतं ते बहुतेक वेळा जाहिरातीच्या पुरवणीत. पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही नवा पूल, नवं स्टेशन, नवं न्यायालय उभं राहिलं की कुणीतरी पाऊस पडताना तिथे जाऊन, बाकडी, जिने, स्वच्छतागृहं, सावली सगळं पाहून सही करून लिहावं, एवढी माझी मागणी आहे.

साधनं तर आज कोरियांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. महारेरा या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजूर कागदपत्रं घरबसल्या बघता येतात. फ्लॅट घेणाऱ्यांनी वॉकथ्रूचा व्हिडिओ बंद करून आधी त्या कागदपत्रांतला नकाशा उघडावा. उत्तर दिशा कुठे आहे, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत) उघडते की बाहेर, शेजारच्या विंगपर्यंत किती मीटर आहेत. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हाही हेच. आराखडा मराठीत, वाचता येईल अशा मापात गल्लीच्या नाक्यावर लागला पाहिजे, आणि तो लागेपर्यंत हरकतींची मुदत सुरूच होऊ नये.

आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहणारं, राहिलेलं कुणी हे वाचत असेल तर जरूर लिहा. घरात काय बदललंत, आणि अंगण अजून सगळ्यांचं आहे का?