मावशी, पॅनेलनं पाऊस पळत नाही

परवा रात्री पावणेअकराला मावशीचा फोन आला. त्या वेळेला तिचा फोन म्हणजे पोटात गोळाच येतो. पण दवाखान्याचं काही नव्हतं. ‘अरे, फिल्टर हाऊसवर ते सोलर बसवतायत ना, त्यानं पोटातल्या बाळाला काही होतं का रे?’

तिची सून सातव्या महिन्यात आहे आणि गावाचं पाणी शुद्ध करणारं फिल्टर हाऊस घराच्या मागच्या भिंतीला लागून. दोन दिवसांपासून सुनेला गच्ची बंद. कुरडयांचा चीक तयार, ऊन कडक, आणि मावशी गुडघे धरत एकटीच वर-खाली करतेय. त्याच गच्चीवर गेली बारा वर्षं सोलर बंब आहे. त्याच्या पाण्यानं घरातले सगळे आंघोळ करतात, पण त्याची भीती कोणाला वाटली नाही, कारण त्याच्यावर फॉरवर्ड आलं नव्हतं.

फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. कृष्णाकाठच्या या छोट्या गावाची नगरपरिषद पाणीपुरवठ्यासाठी शंभर किलोवॉटचा सौर प्रकल्प करायचा विचार करतेय. ठराव सर्वसाधारण सभेपुढे यायचाय. त्याच्या विरोधात ‘जागे व्हा’ म्हणून हा मजकूर फिरतोय आणि खाली सह्यांचं निवेदन. म्हणणं थोडक्यात असं: पॅनेलमधून किरण निघतात, त्यानं कॅन्सर होतो आणि गर्भाला धोका असतो, पॅनेल उष्णता ओढून ढग पळवतात, पाच वर्षांत सगळं भंगार होतं, लाईट गेली की सोलरही बंद पडतं, घरावर बसवून सबसिडी घेतली की घर सरकारकडे गहाण पडतं, आणि खड्डे बुजवायचे सोडून ही थेरं कशाला.

गर्भाचं आधी घेतो, कारण राग त्याचाच आलाय. बाकीचं मूर्खपणा म्हणून सोडून देता येतं, पण पोटुशी बाईला घाबरवणं हा हलकटपणा आहे.

पॅनेल म्हणजे काचेखाली बसवलेल्या सिलिकॉनच्या चकत्या. ऊन पडलं की त्यात वीज तयार होते. पॅनेल किरण घेतं, सोडत नाही. तयार होणारी वीज डीसी असते, टॉर्चच्या सेलमध्ये असते तशी. पुढे इन्व्हर्टर तिची एसी करतो, म्हणजे मिक्सरला आणि फ्रिजला लागते तीच. फिल्टर हाऊसच्या छपरावरच्या पॅनेलला घाबरायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या मिक्सरला आधी घाबरायला हवं.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असं मजकुरात म्हटलंय. कोणत्या शास्त्रज्ञांनी, ते नाही. मग मी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी, फ्रान्समधल्या लिऑनला. कशानं कॅन्सर होतो याची जगभर मानली जाणारी यादी तीच ठेवते. त्या यादीत सौर पॅनेल नाही. मजा अशी की ऊन आहे, तेही पहिल्या गटात, म्हणजे ‘नक्की होतो’ या गटात, १९९२ पासून. तंबाखू त्याच गटात आहे. म्हणजे पॅनेल जे अडवून सावली करतं ते ऊनच यादीत, आणि पॅनेल नाही. ज्या मोबाईलवर हा मजकूर वाचला त्याच्या लहरींना २०११ साली ‘२ब’ गटात घातलंय. २ब म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पण पुरेसा पुरावाही नाही. लगेच मोबाईल विहिरीत टाकू नका. त्याच २ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि मावशी रोज सकाळी अनशापोटी काय पिते ते मला माहीत आहे. हे सांगितल्यावर फोनवर जरा शांतता पसरली.

आता ढग. हे ऐकून मला वीसेक वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. तेव्हा आमच्या भागात पवनचक्क्या ढग पळवायच्या. पारावर बसलेला प्रत्येक जण शपथेवर सांगायचा. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पंचवीस वर्षांहून जास्त काळ पवनचक्क्या फिरतायत आणि तिथून जवळच एकशे पाच टीएमसीचं कोयना धरण आहे. ढग पळाले असतील तर २००५, २०१९ आणि २०२१ ला सांगलीत घरांत शिरलं ते पाणी कुठलं होतं? आमचा पाऊस येतो अरबी समुद्रावरून, शेकडो मैलांचा पट्टा घेऊन. त्याला अर्ध्या एकरातल्या शंभर किलोवॉटची खबरही लागत नाही. तापण्याचं म्हणाल तर उन्हातला पत्रा किंवा डांबरी रस्ताही तापतो. उलट छपरावर पॅनेल असलं की खालच्या खोलीला सावली मिळते.

अडाणी लोकच असं मानतात म्हणून नाक मुरडू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात वुडलंड नावाचं चिमुकलं गाव आहे. २०१५ च्या डिसेंबरात तिथल्या गावसभेत एकानं सांगितलं, पॅनेल सूर्याची सगळी शक्ती शोषून घेतील. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी झाडांना ऊन पुरेल का अशी काळजी व्यक्त केली. त्या सभेत प्रकल्पाची जमीन मंजूर झाली नाही आणि पुढचे प्रकल्पही थांबवले. जगभर खिल्ली उडाली. पण त्याच गावानं आधी असे तीन प्रकल्प मंजूर केले होते, हे खिल्ली उडवणाऱ्यांनी सांगितलं नाही. म्हणजे अर्धवट मजकूर फिरवण्याची खोड दोन्हीकडची.

‘पाच वर्षांत भंगार’. इथे मला थोडं गप्प बसावं लागतं. बसस्टँडसमोरचा सोलर दिव्याचा खांब आठवा. चार-सहा महिने पेटला, मग बॅटरी गेली. आता पेटीचं दार लोंबकळतंय आणि आत चिमणीनं काड्या आणून ठेवल्यात. गावात असे आणखीही आहेत. ‘माझी वसुंधरा’ ही गावांना-शहरांना पर्यावरणाच्या कामाचे गुण देणारी राज्य सरकारची स्पर्धा २०२० मध्ये सुरू झाली तेव्हापासून गुण मिळवायला भिंतीवर सूर्य-झाडं रंगवून फोटो पाठवायची हौसही आपण पाहिली. त्यामुळे लोकांचा विश्वास नाही, आणि त्याचा दोष लोकांना देता येत नाही. पण त्या खांबात मेली ती बॅटरी, पॅनेल नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, नुसत्या जोडलेल्या प्रकल्पाला बॅटरीच नसते. पॅनेलची उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. वर्षागणिक वीज थोडी थोडी कमी होते, एका सकाळी बंद पडत नाही. मेलेल्या पॅनेलचं काय करायचं हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल घातलीत. नियम पाळले जातील का, हे विचारायला मोकळीक आहे.

लाईट गेली की सोलरही बंद? हो, बंद. ग्रिडला जोडलेला प्रकल्प लाईट गेली की मुद्दाम थांबतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसायला नको. म्हणजे लोडशेडिंगमध्ये पाणी येणार नाही. ते आजही येत नाही.

सबसिडीवर फार बोलायचं नाही. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार मिळतात. या पैशापायी घर गहाण पडत नाही. मात्र लिंक पाठवून ओटीपी मागणारे ठग खरे आहेत. त्यांच्यावर फॉरवर्ड का नाही लिहीत कोणी?

राहिले खड्डे. शेवटी ढकललेला हाच एक विचार करण्यासारखा मुद्दा. नगरपरिषदेचा पैसा एका गल्ल्यात पडत नसतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातले साठ टक्के बांधून ठेवले होते: निम्मे पिण्याच्या पाण्याला, निम्मे स्वच्छता आणि कचऱ्याला. त्यातून रस्ता करता येत नव्हता, नगरसेवकाच्या दारातला असला तरी. उरलेल्या पैशात आधी काय, हे भांडण रास्त आहे. पण भांडायचं तर हिशोब मांडून.

समजा नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलवर एकूण दीडशे हॉर्सपॉवरचे पंप सोळा तास चालतात. म्हणजे रोज सतराशे नव्वद युनिट, महिन्याला त्रेपन्न हजारांच्या वर. दर सात रुपये धरला तरी लाईटबिल पावणेचार लाख. शंभर किलोवॉटच्या प्रकल्पातून, किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरले तर, दिवसाला चारशे युनिट. म्हणजे बावीस टक्के. ‘गाव विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण’ असा बॅनर चौकात लागला तर तोही तितकाच खोटा समजा. पण महिन्याला चौऱ्याऐंशी हजार वाचतील, आणि हे बिल नगरपरिषदेच्याच खिशातून जातं. खड्ड्यांचा पैसा खाणाऱ्यांत हे बिलही आहे.

निवेदनावर सही करू नको, असं मी मावशीला सांगितलं नाही. दुसरं निवेदन लिहून पाठवलं. मुख्याधिकारी साहेबांनी सभेत सांगावं: देखभालीचा करार किती वर्षांचा, पॅनेल धुणार कोण, दरमहा किती युनिट तयार झाले त्याचा आकडा नोटीस बोर्डावर लागणार का, आणि ठरल्यापेक्षा कमी वीज आली तर ठेकेदाराचे पैसे कापणार का. मावशीनं ते महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. काल संध्याकाळपर्यंत अकरा सह्या.

सून आता गच्चीवर जाते, आठच्या आत, ऊन चढायच्या आधी. मावशीला म्हटलं, एवढं पटलंय तर घरावरही बसव, तीन किलोवॉटला तीनशे चौरस फूट पुरतात, तुझी गच्ची साडेसातशेची.

‘आणि कुरडयांना किती लागते, माहितेय का तुला?’ म्हणाली आणि फोन ठेवला.